आर्सेनलचं दर आठवड्याचं प्रेडिक्शन कसं काढायचं: सोलापुरातल्या एका फॅनची पद्धत

इंग्लंडची फुटबॉलची प्रीमियर लीग चालू झाली की शुक्रवारी संध्याकाळपासून आमच्या ग्रुपवर सुरू होतं, "उद्या ३-० बे, फिक्स". समोर कोण आहे, आपले कोण जखमी आहेत, मागची मॅच कधी झाली, काही बघायचं नाही, डायरेक्ट ३-०. आपली टीम जिंकावी असं फॅनला वाटणारच, वाटायलाच पाहिजे, पण इच्छा आणि अंदाज एकाच डब्यात ठेवले की दर आठवड्याला तेच प्रेडिक्शन येतं आणि त्याला काही अर्थ राहत नाही. नीट विचार करून आकडा लिहून ठेवला तर मॅच बघायला लई मजा येते, कारण मग आपण नुसती गोलची वाट बघत बसत नाही, आपण जे डोक्यात धरलं होतं ते ग्राउंडवर होतंय का, नसेल होत तर का नाही, हे बघतो. म्हणून ही पद्धत लिहितोय. मी आर्सेनलवाला, त्यामुळं उदाहरणं सगळी आर्सेनलची, पण लिव्हरपूल, युनायटेड, मुंबई सिटी, कुठलीही टीम घ्या, हिशोब तोच.

आधी वेळेचं बघा. प्रेडिक्शन शुक्रवारी रात्री लॉक करायचं, शनिवारी दुपारी नाही. कारण मॅनेजरची प्रेस कॉन्फरन्स साधारण मॅचच्या एक-दोन दिवस आधी होते, कोण फिट कोण नाही त्याचा थोडाफार अंदाज तिथंच येतो (आपला मॅनेजर आर्टेटा सगळं कधीच उघड करत नाही, तरी कोण ट्रेनिंगला होता एवढं कळतं). मग मॅचच्या तास-सव्वा तास आधी लाइनअप येते. लाइनअप बघून एक बदल करायची मुभा ठेवा, पण जुना आकडा खोडायचा नाही, नवा त्याच्या शेजारी लिहायचा, म्हणजे सीझनच्या शेवटी कळतं की लाइनअप बघून आपला अंदाज सुधारतोय का उलटा बिघडतोय. आणि आपल्याकडच्या वेळा लक्षात ठेवा, शनिवारच्या तिथल्या तीनच्या मॅच आपल्याकडं आधी साडेसातला असतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं तासभर मागं जातात आणि मग त्याच मॅच साडेआठला, मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर परत साडेसात. ग्रुपची डेडलाइन "मॅचच्या आधी" अशी मोघम ठेवली की ह्या एका तासावरून हमखास भांडणं होतात, त्यापेक्षा शुक्रवार रात्री अकरा, विषय संपला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात निम्मा ग्रुप सोलापुरातल्या होम मैदानावर फिरत असतो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कोण मोबाईल बघत नाही, तेव्हा गुरुवारीच लिहून टाका.

आता आकडा काढायचा कसा. बहुतेक जण सुरुवात करतात मागच्या मॅचपासून, मागच्या वेळी ५-१ मारलं म्हणून ह्या वेळीही मारणार. ते नका करू. सुरुवात लीगच्या सरासरीपासून करा, आपल्या टीमचं नाव मनात न आणता. प्रीमियर लीगमध्ये २० टीम, प्रत्येकाच्या ३८ मॅच, एकूण ३८०. त्यातल्या शंभरात साधारण ४५ च्या आसपास होम टीम जिंकते, पावएक मॅच ड्रॉ होतात, उरलेल्या पाहुणी टीम घेऊन जाते. हा झाला पाया. होम ग्राउंडचा फायदा खरंच असतो का, असं कोण म्हणत असेल तर त्याला २०२०-२१ चा सीझन दाखवा, कोविडमुळं बहुतेक मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या आणि त्या वर्षी पाहुण्यांनी १५३ जिंकल्या, यजमानांनी १४४, ड्रॉ ८३. इंग्लंडच्या टॉप लीगमध्ये पाहुणे यजमानांपेक्षा जास्त जिंकले असं त्याआधी कधी झालं नव्हतं. प्रेक्षक गेले आणि फायदा पण गेला, इतका स्वच्छ पुरावा फुटबॉलमध्ये फार क्वचित मिळतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि शिवाजी ह्या तिथल्याच दोन टीमची मॅच ज्यानं बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको, तिथं पेठेची पेठ येऊन बसते.

पाया धरला की मग दोन्ही टीमचे गोल बघायचे, आणि इथं थोडं गणित आहे पण आठवीच्या पोराला जमेल असं. समजा आपली मॅच एमिरेट्सवर, म्हणजे आर्सेनलच्या घरच्या ग्राउंडवर आहे. आपण घरच्या मैदानावर सरासरी मॅचला २ गोल मारतोय. समोरची टीम बाहेर खेळताना सरासरी १.३५ खातेय. आणि अख्ख्या लीगमध्ये होम टीमची सरासरी १.५ आहे. तर २ गुणिले १.३५ भागिले १.५, उत्तर १.८. हे आपले अपेक्षित गोल. तसंच समोरच्यांचं, ते बाहेर १.२ मारतात, आपण घरी १ खातो, लीगमध्ये पाहुण्यांची सरासरी १.२, म्हणजे त्यांचे अपेक्षित गोल १. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुम्ही त्या आठवड्याचे खरे घ्या, पॉइंट टेबलमध्ये होम-अवे वेगळं करून बघितलं की दोन मिनिटांत सापडतात. फक्त सीझनच्या पहिल्या पाच-सहा मॅचला हे करू नका, एवढ्याशा मॅचवरून सरासरी काढली तर एखाद्या ६-० नं सगळंच बिघडतं, तोपर्यंत मागच्या सीझनचे आकडे वापरा.

१.८ आणि १ हातात आले की गूगल शीटमध्ये पॉयसन नावाचं फंक्शन असतं, त्यात टाकलं की प्रत्येक स्कोअरची शक्यता निघते. ह्या उदाहरणात काय निघतं बघा: १-० ची शक्यता ११ टक्के, १-१ ची पण ११ टक्के, २-० आणि २-१ दोन्ही साधारण १० टक्के, ०-० सहा टक्के, आणि ग्रुपवरचं लाडकं ३-० पण सहाच टक्के. म्हणजे ३-० आणि ०-० एकसारखेच! हे बघितल्यावर माणसाचं प्रेडिक्शन कायमचं बदलतं असा माझा अनुभव आहे. एकूण जिंकायची शक्यता ५६ टक्के, ड्रॉ २३, हार २१. म्हणजे आपण स्पष्टपणे चांगली टीम असून, घरच्या मैदानावर असून, शंभरातल्या ४४ वेळा जिंकत नाही. आणि अचूक स्कोअर म्हणाल तर जो सगळ्यात शक्य आहे तोही नऊतनं एकदाच येतो, त्यामुळं कुणाचा स्कोअर चुकला म्हणून त्याला आठवडाभर टोमणे मारण्यात काही अर्थ नाही.

ड्रॉवर जरा थांबतो, कारण फॅन लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. फॅन कधी ड्रॉ लिहीतच नाही. जिंकू किंवा, लई वैतागला असला तर, हरू. आता २०२४-२५ चा आर्सेनलचा हिशोब घ्या: २० जिंकल्या, १४ ड्रॉ, ४ हरल्या, पॉइंट ७४, दुसरा नंबर, लिव्हरपूल ८४ वर चॅम्पियन. चारच मॅच हरलो अख्ख्या वर्षात! पण १४ ड्रॉ. ज्यानं वर्षभर ड्रॉ लिहिलाच नाही त्याच्या १४ मॅच सुरुवातीलाच चुकल्या, बाकीच्या २४ तो कितीही बरोबर लिहू दे. आणि हे काय त्या एका वर्षाचं नाही, २००३-०४ ची न हरलेली टीम, जिचं नाव आपण अजून घेतो, तिनंसुद्धा ३८ पैकी १२ ड्रॉ केल्या होत्या. माझा नियम असा आहे की दोन्ही टीमच्या अपेक्षित गोलमध्ये पाव गोलापेक्षा कमी फरक असेल तर ड्रॉचा विचार आधी करायचा, आणि बेरीज दोनच्या आसपास असेल म्हणजे कमी गोलची मॅच दिसत असेल तर १-१ लिहायला घाबरायचं नाही. समोरची टीम दहा जण मागं ठेवून बसणारी असेल तर ०-० पण चालतं. ग्रुपवर "आर्सेनलवाला असून ड्रॉ लिहितो काय बे" म्हणतील, म्हणू देत.

इंज्युरी. इथं आकडे कमी पडतात आणि टीम बघणाऱ्या माणसाचं डोकं कामाला येतं, म्हणून मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. लोक फॉरवर्ड जखमी झाला की घाबरतात, सेंटर बॅक (मधला डिफेंडर) गेला तर "दुसरा आहे की" म्हणतात. माझं मत उलटं आहे. २०२३ चा मार्च आठवा. महिनाअखेर आपण लीगमध्ये आठ पॉइंट पुढं होतो (मँचेस्टर सिटीची एक मॅच बाकी होती, ते खरंय), १६ मार्चला युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध आपल्या सेंटर बॅक सलिबाची पाठ गेली, त्याच मॅचमध्ये दुसरा डिफेंडर टोमियासू पण गेला. पुढच्या दोन मॅच ४-१, ४-१ जिंकल्या म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मग एप्रिलमध्ये लिव्हरपूलला २-२, वेस्ट हॅमला २-२, घरी साउदॅम्प्टनबरोबर ३-३, आणि सिटीकडं १-४. चार मॅचमध्ये ११ गोल खाल्ले. साउदॅम्प्टन तेव्हा टेबलमध्ये शेवटच्या नंबरवर होती, त्यांनी एमिरेट्सवर पहिलं मिनिट संपायच्या आत गोल मारला आणि आपण ८८ व्या मिनिटापर्यंत १-३ नं मागं होतो, शेवटी ओडेगार्ड आणि साकानं वाचवलं. गोल मारत होतोच आपण, पण मागून गळत होतं. म्हणून सेंटर बॅक किंवा गोलकीपर बाहेर असेल तर मी समोरच्यांच्या अपेक्षित गोलमध्ये ०.२ ते ०.३ वाढवतो, आणि एखादा विंगर बाहेर असेल तर आपल्यातून ०.१५-०.२ कमी करतो. हे माझे अंदाजानं ठरवलेले आकडे आहेत, तुमच्या टीमप्रमाणं तुम्ही ठरवा, पण ठरवा आणि दर आठवड्याला तेच वापरा, मूड बघून बदलू नका.

उलटी बाजू पण सांगतो. २०२४ च्या डिसेंबरात साका जखमी झाला, जानेवारीत जेझुस, फेब्रुवारीत हॅव्हर्ट्झ, स्ट्रायकर म्हणावा असा कोण राहिलाच नाही. १५ फेब्रुवारीला लेस्टरला मॅच होती, ऐंशी मिनिटं झाली तरी ०-०, आणि बदली आलेला मेरिनो, जो मुळात मिडफिल्डर, त्यानं सहा मिनिटांत दोन गोल टाकले. २-०. म्हणजे एक जण गेला की जागा रिकामी राहत नाही, तिथं कोण येतो आणि तो काय वेगळं करतो हे बघायचं. मेरिनो उंच आहे, हेडर चांगला आहे, हे आधीपासून माहीत होतं. मग तुमच्या नोटमध्ये "साका नाही" एवढंच लिहू नका, "साकाच्या जागी अमुक, त्यामुळं क्रॉस जास्त येतील" असं लिहा.

समोरच्या टीमचा अभ्यास पण थोडा करायला लागतो आणि तिथं मला तीनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे विश्रांती. चॅम्पियन्स लीग मंगळवार-बुधवार, युरोपा गुरुवार, आणि गुरुवारी बाहेरच्या देशात खेळून रविवारी दुपारी परत उतरणारी टीम शेवटच्या वीस मिनिटांत ढिली पडते. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ मॅच झाल्यात, म्हणजे हे अजून वाढलंय. दुसरं, ते कॉर्नर कसे सांभाळतात, कारण २०२१ मध्ये निकोला जोव्हर सेट-पीस (कॉर्नर, फ्री किक) कोच म्हणून आल्यापासून आपले कॉर्नर हे खरं हत्यार झालंय, गॅब्रियल मागच्या पोस्टला घुसतो ते रोखायला जमत नाही अशा टीमविरुद्ध मी बिनधास्त अर्धा पाऊल पुढं टाकतो. तिसरं, खालच्या लीगमधून नुकतीच वर आलेली टीम आहे का. २०२३-२४ मध्ये वर आलेल्या तिन्ही टीम त्याच वर्षी खाली गेल्या, २०२४-२५ मध्ये पण तिन्ही. त्यांच्याविरुद्ध जास्त गोल लिहायला हरकत नाही, पण सीझनच्या पहिल्या महिन्यात त्यांच्या घरच्या ग्राउंडवर जरा सांभाळून.

नशिबाचा भाग वेगळा काढायला शिका. एक्सजी म्हणजे मिळालेल्या चान्समधून सरासरी किती गोल व्हायला पाहिजे होते ते, पेनल्टीला पाऊण गोलाच्या थोडं वर धरतात त्यावरून अंदाज येईल. एखादी टीम चार-पाच मॅच १-० नं जिंकत आलीय पण एक्सजी दर वेळी समोरच्याचा जास्त आहे, तर तिच्या फॉर्मला फार किंमत देऊ नका, ते टिकत नसतं. रेड कार्ड तर अजिबात धरता येत नाही. २०२४-२५ च्या सुरुवातीला पहिल्या आठ मॅचमध्ये आपल्याला तीन रेड कार्ड मिळाली, ब्रायटनला राइस, सिटीला ट्रोसार, बोर्नमथला सलिबा, आणि त्या तिन्ही मॅचमधून मिळून दोन पॉइंट आले. अशा मॅचसमोर वहीत "१० जण" असं लिहून ठेवा. प्रेडिक्शन चुकलंच, पण पुढच्या आठवड्याचा हिशोब करताना ती मॅच साध्या मॅचसारखी धरायची नाही.

आता लिहायचं कसं ते बघा. आमच्यातला एक जण अक्कलकोट रोडला एमआयडीसीत रात्रपाळीला असतो, त्याची वही मला सगळ्यात आवडते. चादरींच्या ऑर्डरच्या जुन्या पॅडची मागची बाजू, एका पानावर एक मॅच. वर तारीख आणि होम का अवे. खाली तीन आकडे, ५६-२३-२१ असे. त्याखाली एक स्कोअर, आणि त्याखाली दोनच ओळी, "का जिंकू" आणि "कशानं अडकू". दुसरी ओळ त्यानं कधीच रिकामी सोडलेली नाही, आणि माझ्या मते पानावरची सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, कारण "कशानं अडकू" लिहायला लागलं की आपोआप समोरच्या टीमचा विचार होतो. मॅच झाली की लाल पेननं निकाल आणि एक ओळ. बस. मोठा निबंध लिहायची गरज नाही, निबंध दोन आठवडे टिकतो, असली छोटी नोट सीझनभर टिकते.

मार्क कसे द्यायचे हा पुढचा प्रश्न. ग्रुपवर सोप्यात सोपं म्हणजे अचूक स्कोअरला ३, नुसता निकाल बरोबर आला तर १. चालतं, पण त्यात दर वेळी "आर्सेनल जिंकणार" लिहिणाराच पुढं जातो. त्यापेक्षा टक्क्यांवर मार्क द्या. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानवाल्या माणसानं १९५० मध्ये पावसाच्या अंदाजासारख्या गोष्टींसाठी ही रीत काढली होती, फुटबॉलला अगदी फिट बसते. जे घडलं त्याला १ धरा, बाकी दोन्हीला ०, तुमच्या आकड्यातला फरक काढा, वर्ग करा, तिन्हींची बेरीज. कमी आकडा चांगला. वरचं ५६-२३-२१ घ्या आणि आपण जिंकलो असं धरा: ०.४४ चा वर्ग, ०.२३ चा वर्ग, ०.२१ चा वर्ग, बेरीज ०.२९. ड्रॉ झाली असती तर ०.९५. आता ज्यानं छातीठोकपणे ९०-७-३ लिहिलं त्याचं बघा, जिंकलो तर त्याला ०.०२, एकदम भारी, पण ड्रॉ झाली की १.६८. एका ड्रॉमध्ये बऱ्याच आठवड्यांची कमाई जाते. आणि ज्याला फुटबॉलमधलं काहीच कळत नाही, जो प्रत्येक वेळी तिन्हीला सारखंच वाटून देतो, त्याला दर वेळी ०.६७ मिळतात. म्हणून सीझनची सरासरी ०.६७ च्या खाली राहिली पाहिजे हे पहिलं टार्गेट, आणि तिथून पुढं ग्रुपमध्ये एकमेकांशी स्पर्धा. आमच्याकडं ही पद्धत आल्यापासून "फिक्स" हा शब्दच कमी झालाय, आणि चर्चा वाढलीय, ६० लिहू का ५५ ह्यावर सात रस्त्याला चहा घेत अर्धा-अर्धा तास बोलणं होतं.

पैसे लावायचे नाहीत. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केलाय ते एक झालंच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हणलो असतो, पैसे आले की माणूस मॅच बघायची सोडून स्कोअर बघायला लागतो, आणि टीमवरचं प्रेम पहिल्यांदा तिथं आटतं. हरणाऱ्यानं पुढच्या वेळी सगळ्यांना भजी-चहा, एवढ्यावर ग्रुप छान चालतो.

राहिलं आठवड्याच्या मधल्या मॅचचं. चॅम्पियन्स लीगच्या मॅच आपल्याकडं रात्री साडेबारा नाहीतर दीडला लागतात, दुसऱ्या दिवशी ड्युटी असते, सगळे जागणार नाहीत. ह्या मॅचचं प्रेडिक्शन वेगळ्या पानावर ठेवा, लीगमध्ये मिसळू नका, कारण समोरच्या टीमची सरासरी दुसऱ्या देशातल्या लीगची असते आणि ती आपल्या आकड्यांशी सरळ जुळत नाही. कप मॅचचं तर मी टक्केच लिहीत नाही, कुठली अकरा पोरं उतरतील ते शेवटच्या तासापर्यंत कळत नाही. इंटरनॅशनल ब्रेकमध्ये, म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये, लीगला सुट्टी असते तेव्हा वही काढून आतापर्यंतच्या मॅचची बेरीज करा, होमची सरासरी वेगळी, अवेची वेगळी, आणि ज्या बाजूला जास्त चुकतंय तिथले टक्के पुढच्या मॅचपासून दोन-तीननं हलवा. ब्रेकनंतरच्या पहिल्या शनिवारी ब्राझीलकडून खेळून आलेले कधी परत पोचले तेवढं गुरुवारी बघून घ्या आणि मगच आकडा टाका.